प ध प ग आणि तीन खुल्या तारा

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी आत्याला ‘सायलेंट नाइट’ वाजवून दाखवलं. नुसती गिटार, गाणं नाही. महिनाभर लॅबमधून आल्यावर रोज तासभर बसून बसवलं होतं. प्रत्येक मात्रेला कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले तीन-चार स्वर, मधल्या तारांवर सतत काहीतरी चालू, दुसऱ्या कडव्यात जॅझसारखे स्वर. एकदाही न अडखळता वाजलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “हात छान चालतो गं बाळा तुझा. गाणं कुठलं होतं?”

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. जन्म नाशिकमधल्या शरणपूरचा, लग्नानंतरचं घरही तिथून चालत दहा मिनिटांवर. हे गाणं तिने लहानपणापासून दर नाताळात म्हटलंय. कान शाबूत आहेत, शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ती सांगते. तिला गाणं ओळखू आलं नाही, कारण मी जे वाजवलं त्यात गाणंच उरलं नव्हतं.

त्या रात्री मध्यरात्रीच्या भक्तीला जाताना मी गिटार घरीच ठेवली. नंतरची दोन वर्षं मात्र हेच एक काम करतेय: नाताळची जुनी गाणी एकट्या गिटारवर अशी बसवायची, की ज्याला शब्द येतात त्याच्या ओठांवर ते आपोआप यावेत. परवाच्या नाताळात ते थोडंफार जमलं. कसं जमलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते. गिटार वाजवणाऱ्यांना उपयोग होईल, न वाजवणाऱ्यांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न करते.

आमच्या घरात वाद्य म्हणजे पायपेटी. पप्पा नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला होते आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे. दोन्ही पाय भात्यावर, पुढे ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडं, आणि डोळे पुस्तकावर नाही तर मंडळीवर. मी लहानपणी बाकावर बसून त्यांचे बूट बघायचे. गिटार मी कॉलेजात असताना घेतली, तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले होते, “हिला भाता नाही. श्वास कुठून घेणार ही?” मला ते कौतुक वाटलं होतं, की बघा, गिटारला भाता लागत नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते समजायला त्यांच्यामागे तीन वर्षं गेली.

आधी गाण्याबद्दल. ‘सायलेंट नाइट’ हे मुळात गिटारवरचंच गाणं आहे, हे मला फार उशिरा कळलं. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ ओबर्नडॉर्फ नावाचं गाव आहे. तिथल्या संत निकोलसच्या चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ ला ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, त्याने ते दोन वर्षं आधी, १८१६ मध्ये लिहिलेले. चाल फ्रान्झ क्सावेर ग्रुबर या शाळामास्तरची. दोघांनी मिळून गायलं, साथीला मोरची गिटार, आणि कोरसने शेवटच्या ओळी पुन्हा म्हटल्या. ऑर्गन नादुरुस्त होता म्हणून गिटार घेतली असं सांगतात, उंदरांनी भाता कुरतडल्याची कथा त्यात नंतर जोडली गेली. कथा राहू दे. माझ्यासाठी महत्त्वाचं इतकंच, की जगातलं बहुधा सगळ्यात जास्त गायलं गेलेलं नाताळगीत सहा तारांच्या साथीवर जन्मलं. ग्रुबरची मूळ चाल आज आपण म्हणतो तिच्यापेक्षा थोडी वेगळी आणि जरा चालती होती, सहा मात्रांत हलणारी, मेंढपाळांच्या गाण्यासारखी. आपण ती फार संथ केली आहे. मी बसवताना सगळ्यात आधी लय जराशी वाढवली. दादऱ्याइतकी नाही, पण पाळणा हलवताना हात जितका हलतो तितकी.

आता पट्टी. गिटारवर एकट्याने गाणं बसवायचं तर निम्मं काम पट्टी निवडण्यात असतं. माझी पहिली चूक तिथेच होती. इंग्रजी गीतपुस्तकांत हे गाणं बऱ्याचदा बी फ्लॅटमध्ये छापलेलं असतं, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत काळी पाच. पेटीला काय, कुठूनही वाजवा. गिटारला तसं नाही. गिटारच्या खालच्या, म्हणजे जाड आवाजाच्या, तीन तारा ई, ए आणि डी, क्रमाने सहावी, पाचवी आणि चौथी. चाल वरच्या तारांवर वाजते, आधाराचा खर्ज अंगठ्याने खालच्या तारांवर. बी फ्लॅटमध्ये हे आधारस्वर खुल्या तारांवर मिळतच नाहीत. डावा हात खर्ज दाबून धरण्यात अडकतो आणि चालीला हलायला बोटं उरत नाहीत. मग वादक काय करतो, तर चाल तोडतो. मी तेच केलं होतं. जिथे हात पोचत नव्हता तिथे स्वर बदलले आणि त्याला नावीन्य म्हणाले.

नंतर सी करून बघितली, जी करून बघितली. ग्रुबरची मूळ पट्टी डी, तीसुद्धा बघितली, सहावी तार एक स्वर उतरवून. पण डीमध्ये चाल खाली घेतली तर ती मधल्या तारांत दबते, आणि वर घेतली तर सगळ्यात उंच स्वर पंधराव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पंधराव्या घरात, जातो. माझ्या नायलॉन तारांच्या गिटारला बाराव्या फ्रेटलाच लाकूड सुरू होतं. मोर आणि ग्रुबर गात होते, त्यांना चाल तारांवर काढायची नव्हती, त्यामुळे त्यांना डी चालली. मला चाल आणि साथ दोन्ही एकाच हातात हवी होती.

शेवटी ए मेजर. म्हणजे सा पाचव्या तारेवर, आणि ती खुली. प सहाव्या तारेवर, खुली. म चौथ्या तारेवर, तीही खुली. या गाण्याला मुळात तीनच कॉर्ड लागतात, सा, म आणि प वरचे. तिन्हींचा खर्ज डाव्या हाताशिवाय, नुसत्या अंगठ्याने मिळतो. आणि चाल सुरू कशी होते? प ध प ग. प म्हणजे खुली पहिली तार. ध म्हणजे तिचाच दुसरा फ्रेट. पुन्हा खुली तार. पहिल्या तीन स्वरांना डाव्या हाताचं एकच बोट लागतं! हे पहिल्यांदा हाताखाली आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, बाहेर शरणपूर रोडवरची वाहनं थांबली होती, आणि मी ते चार स्वर वीस वेळा तरी वाजवले असतील. ग संपल्यावर खालची ए घुमत राहते आणि हात मोकळा असतो. त्या मोकळ्या हाताने काहीही करायचं नाही, एवढंच.

या गाण्यातली अवघड जागा शेवटाकडे येते. रें रें मं रें नी सां गं. डोक्यावर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला स्वर. सगळ्यात उंच मं. ए मेजरमध्ये तो पहिल्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर येतो. खाली खर्जाला प, म्हणजे खुली सहावी तार. ती एकदा छेडली की घुमत राहते, आणि तेवढ्या वेळात हात सातव्या फ्रेटवर, तिथून दहाव्यावर, परत सातव्यावर, मग चौथ्यावर उतरतो. मधे कुठलाही कॉर्ड धरायचा मोह आवरायचा. एका तारेवर एक बोट सरकतंय आणि खाली एक तार वाजतेय, इतकंच तिथे ऐकू यायला हवं. गं नंतर चाल खाली येते: सां प ग प म रे सा. इथे गिटारने मला एक भेट दिली. सां पाचव्या फ्रेटवर आहे आणि त्यानंतरचा प खुल्या तारेवर. खुली तार वाजत असताना हाताला खाली यायला पूर्ण एक स्वर मिळतो. तो स्वर हात उचलण्याचा. जिथे हात उचलला जातो, गाणारा माणूसही बरोबर तिथेच सैल होतो.

हे कळलं आणि मी पप्पांचं पुस्तक काढलं.

पप्पांच्या ‘उपासना संगीत’मध्ये जवळपास प्रत्येक गीतावर पेन्सिलच्या खुणा आहेत. समासात पट्टी: ‘पां. ४’, ‘का. १’. आणि शब्दांच्या मधे, ओळीच्या वर, छोटी स्वल्पविरामासारखी खूण. लहानपणी मला वाटायचं, छपाईत राहिलेले स्वल्पविराम पप्पा भरतात. पण त्या खुणा विरामचिन्हांच्या जागी नाहीतच. कधी शब्दसमूहाच्या मधे आहेत, कधी ओळ संपली तरी नाहीत. त्या मंडळीच्या श्वासाच्या जागा आहेत. पन्नास-साठ माणसं, त्यात म्हातारी, लहान मुलं, धापा टाकत उशिरा आलेले, ही सगळी कुठे श्वास घेतात ते पप्पा पायपेटीवरून बघत आणि तिथे भाता किंचित सोडत. पेटी त्यांच्यासोबत श्वास घ्यायची. म्हणून त्यांचे डोळे पुस्तकावर नसायचे.

आणि या जागा इंग्रजीतल्या जागांहून वेगळ्या आहेत. इंग्रजीत या चालीचा पहिलाच प आणि ध एका अक्षरावर ओढला जातो. मराठीत तेच सांगायला अक्षरं जास्त लागतात, त्यामुळे परक्या चालीवर मराठी शब्द बसवताना जिथे इंग्रजीत एक अक्षर दोन स्वरांवर लांबतं तिथे आपल्याकडे बऱ्याचदा दोन अक्षरं येऊन बसतात. याचा गिटारशी थेट संबंध आहे. इंग्रजी शब्द मनात ठेवून वाजवणारा प वाजवून ध डाव्या बोटाने नुसता ठोकतो, उजव्या हाताने पुन्हा छेडत नाही. ऐकायला गुळगुळीत लागतं. पण मराठी शब्द मनात असलेल्या माणसाला तिथे एक अक्षर गिळल्यासारखं होतं. आत्याला गाणं ओळखू आलं नाही त्यात याचाही वाटा होता, अशी माझी खात्री आहे. आता मी प्रत्येक स्वर वेगळा छेडते, ज्याला अक्षर आहे त्याला नखाचा स्पर्श.

आपल्याकडे शब्द आणि चाल यांची ही ओढाताण जुनी आहे. नारायण वामन टिळकांनी ती फार चांगली ओळखली होती. त्यांनी ख्रिस्ती गीतं अभंग, ओवी अशा आपल्या घाटात लिहिली, आणि म्हणून ती म्हणताना कुणाचीच अक्षरं कमी-जास्त होत नाहीत. आमच्या गीतपुस्तकात दोन्ही प्रकार शेजारीशेजारी नांदतात, देशी चाली आणि विलायती चाली. पप्पांच्या पेन्सिलच्या खुणा विलायती चालींवर जास्त दाट आहेत. मदत तिथेच लागायची.

शरणपूरचा उल्लेख आला म्हणून एक सांगते. ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकायला होती. मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेतून इंग्लंडला पोचवणारा आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीला हजर असलेला जेकब वेनराइट नाशिकच्या या मिशनच्या शाळेत शिकलेला. त्या मुलांनी इथल्या डिसेंबरच्या थंडीत कोणती गीतं म्हटली असतील, कोणत्या भाषेत, हा विचार संध्याकाळी त्या रस्त्याने चालताना माझ्या मनात हमखास येतो.

परत गिटारकडे. पप्पांच्या खुणा मी माझ्या कागदावर उतरवल्या आणि एक नियम केला: खूण असेल तिथे अंगठाही वाजणार नाही. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून मरायला लागतो, पेटीसारखा तो धरून ठेवता येत नाही. म्हणून गिटार वाजवणाऱ्याला रिकाम्या जागेची भीती वाटते आणि तो ती भरतो. माझ्या जुन्या बसवणुकीत लांब ग खाली मी सहा मधले स्वर घातले होते. आता तिथे समेवर एक खर्ज, चौथ्या मात्रेवर एक मधला स्वर, आणि खुणेपाशी काही नाही. पहिले काही दिवस ते उघडं वाघडं वाटलं. मग मी वाजवताना मनातल्या मनात शब्द म्हणायला लागले, आणि जागा रिकामी वाटेनाशी झाली.

दुसरं गाणं ‘द फर्स्ट नोएल’. इंग्लंडच्या कॉर्नवॉलकडचं मानतात, विल्यम सॅन्डिसच्या संग्रहात ते १८३३ मध्ये चालीसह छापलं गेलं. आपल्या कानांना या चालीत एक विलक्षण गोष्ट जाणवते: ती ग वर सुरू होते आणि ग वरच थांबते. ग रे सा रे ग म प, तिथून वर सां पर्यंत जाते, आणि शेवट सां प म ग. सा वर घरी येतच नाही. पाश्चात्य गाणी बहुतेक सा वर येऊन दार लावून घेतात. हिचा न्यास गंधारावर आहे, दार उघडंच राहतं. मी ती सी मेजरमध्ये बसवली, कारण तिथे ग म्हणजे खुली पहिली तार. म्हणजे गाण्याचा पहिला आणि शेवटचा स्वर कुणीही न दाबता वाजणारा.

अडचण अशी, की तीच ओळ कडव्यात दोनदा येते आणि ध्रुपदही जवळजवळ तेच. तीनदा तेच ऐकून माणूस कंटाळतो, विशेषतः शब्द नसताना. मी पहिल्या वेळी फक्त चाल वाजवते, खाली काहीही नाही. दुसऱ्या वेळी अंगठ्याने खर्ज पायरीपायरीने उतरवते. तिसऱ्या वेळी उंच सां येतो तेव्हा त्याच्याखालचा आधार बदलते. सां आठव्या फ्रेटवर आहे, तिथे खालचा सी दाबून धरला तर हात अडकतो, म्हणून आधी मी खाली खुली सहावी तार घेत होते. तिसऱ्या वेळी खुली पाचवी घेते, म्हणजे तोच सां एकदम मायनर कॉर्डवर उभा राहतो. चाल एका स्वरानेही बदलत नाही, पण प्रकाश बदलतो, खोलीतला दिवा कुणी थोडा कमी केल्यासारखा.

‘ग्रीनस्लीव्हज’च्या चालीवरचं ‘व्हॉट चाइल्ड इज धिस’ तर गिटारवाल्यांचं लाडकंच. चाल सोळाव्या शतकातली, १५८० मध्ये तिची लंडनमध्ये नोंद झालेली, नाताळचे शब्द मात्र विल्यम चॅटरटन डिक्सने १८६५ मध्ये लिहिलेले. ही चाल ल्यूट या जुन्या तंतुवाद्यावर वाजायची, म्हणून गिटारवर ती परकी वाटत नाही. फक्त एकच आग्रह सांगते. या चालीत चढताना येणारा ध काही प्रतींत कोमल छापतात, काहींत शुद्ध. शुद्धच वाजवावा. कोमल ग आणि शुद्ध ध यांनी ती चाल आपल्या काफीच्या शेजारी येऊन बसते, नुसती दुःखी राहत नाही. कोमल ध घेतला की ती रडकी होते, आणि गव्हाणीतल्या बाळाकडे बघून कुणी रडत नाही.

‘गुड किंग वेन्सेस्लास’ची चाल १५८२ च्या ‘पिए कान्तिओनेस’ या लॅटिन गीतसंग्रहातली आणि मूळची वसंतऋतूची. जॉन मेसन नील यांनी तिच्यावर बर्फातल्या राजाचे शब्द १८५३ मध्ये घातले. ती मी वेगात वाजवते, मुलांना आवडते, पुढे फार काही केलेलं नाही. आणि ‘कोव्हेंट्री कॅरल’ मी २४ तारखेला वाजवत नाही. हेरोद राजाने मारायला सांगितलेल्या बाळांच्या आयांची ती अंगाई आहे. ती २८ डिसेंबरला, निष्पाप बालकांच्या दिवशी, घरात एकटी असताना वाजवते. शेवटचा कॉर्ड मायनर न राहता मेजर होतो, त्या एका गंधारासाठी.

यंदा सगळं कागदावर नीट उतरलं होतं आणि २० डिसेंबरला नारळ खोवताना अनामिकेचं नख मुळापासून तुटलं. करंज्यांचं सारण चालू होतं, आमच्याकडे नाताळाला केकबरोबर करंज्या, चकल्या, अनारसे सगळं होतं. उजव्या हाताची नखं मी मोठ्या मुश्किलीने राखते. लॅबमध्ये दिवसभर हातमोजे, वाढलेलं नख मोजा फाडतं, म्हणून बोटाच्या टोकापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर पुढे ठेवते आणि रोज रात्री घासते. पहिल्या तारेवरची चाल माझी अनामिकाच वाजवते. नख गेलं म्हणजे चालीचा आवाज गेला. दोन दिवस मधल्या बोटाने प्रयत्न केला, हात आखडला. तिसऱ्या दिवशी अनामिकेच्या नुसत्या मांसाने वाजवून बघितलं. आवाज लहान झाला, कडा गेली, पण गोल झाला, आत्या गुणगुणते तसा. मग अंगठ्याचं नखही कापून टाकलं, म्हणजे खर्ज चालीवर चढणार नाही.

राहिली आत्याची पट्टी. ए मेजरमध्ये उंच स्वर तिच्या आवाजाच्या वर जातो. पप्पांच्या पुस्तकात या गीतापुढे ‘पां. ५’ लिहिलंय, म्हणजे जी. मंडळीसाठी त्यांनी ती ठरवलेली. पण जीमध्ये माझ्या तीन खुल्या तारा जातात. इतके दिवस मला हा पेच सुटत नव्हता, आणि उत्तर अगदी साधं निघालं: सगळ्या सहा तारा एक-एक स्वर खाली उतरवायच्या. बोटं ए मेजरचीच, आवाज पांढरी पाचचा. तारा सैल झाल्याने गिटारचा आवाजही मऊ होतो. फक्त उतरवलेल्या तारा दोन दिवस आधीपासून तशाच ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या पुन्हा पुन्हा हलतात. डिसेंबरात नाशिकची हवा रात्री इतकी गार होते, की घरातून बाहेर आणि बाहेरून पुन्हा उबेत आणलेली गिटार अर्धा तास तरी सुरात राहत नाही. म्हणून २४ ला मी आत्याकडे संध्याकाळी साडेसहालाच गेले आणि गिटार पेटीतून काढून तिच्या पलंगाशेजारी नुसती ठेवून दिली. गप्पा झाल्या, चहा झाला. खिडकीत तिच्या नातवाने चांदणी लावली होती, तिचा लाल उजेड भिंतीवर.

साडेसातला तारा पुन्हा लावल्या आणि काही न सांगता सुरू केलं. प ध प ग. दुसऱ्या ओळीला तिचे ओठ हलायला लागले, आवाज नव्हता. तिसऱ्या ओळीला आवाज आला, बारीक, किंचित खाली, मग सुरात. उंच मं पर्यंत ती गेली नाही, तिथे तिने तोंड उघडं ठेवलं आणि गिटारला जाऊ दिलं, आणि खाली उतरताना पुन्हा बरोबर आली. मी पहिलं कडवं संपवून थांबले. माझ्या कागदावर तेवढंच होतं.

“थांबलीस का?” ती म्हणाली. “दुसरं कडवं कोण म्हणणार?”

पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, तेच, तिने दुसरे शब्द म्हटले. तिसऱ्या ओळीच्या मधोमध तिने श्वास घेतला. तिथे पप्पांची खूण नाही. अंगठा खर्जावर पडणारच होता, तो मी उचलून धरला. ती शब्दांवर परत आली तेव्हा खाली सोडला. लयीत एका मात्रेची फट पडली आणि कुणाला काही वाटलं नाही. तिसरं कडवं म्हणताना ती पुन्हा तिथेच थांबली, आणि आता मला माहीत होतं.

नंतर तिने करंजी दिली, मीठ कमी झालंय म्हणाली. मी पर्समधून पेन्सिल काढली, पप्पांचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर, शब्दाच्या अगदी मधे, एक छोटी खूण केली. आत्याने चष्मा लावून बघितलं.

“हे काय?”

“तुझा श्वास आहे, आत्या.”

“दादाने नव्हता लिहिला?”

“तेव्हा तुला तिथे लागत नसेल.”

तिने पुस्तक थोडा वेळ जवळ ठेवलं, मग माझ्याकडे दिलं. बाराच्या भक्तीला निघताना मी तारा परत वर चढवल्या नाहीत.